‘द कोमेडियंट’ : हसवणाऱ्यांच्या घरातली मुलगी

“आपला आणि यिद्दिशचा काय संबंध?” मोआदोनमध्ये ‘द कोमेडियंट’ हा चित्रपट दाखवणार असे कळले तेव्हा आमच्याच मंडळींपैकी एका बाईंनी विचारले. प्रश्न खोटा नाही. आपल्या वाडवडिलांनी कोकणात घाणे चालवले, मुंबईत सुतारकाम केले, पलटणीत नोकऱ्या केल्या. यिद्दिशचा एक शब्द त्यांच्या कानावर पडला नव्हता. आपल्या कानावर तो पडला तो इथे आल्यावर, आणि बहुतेकांच्या बाबतीत कचेरीच्या खिडकीतून. “आधी हिब्रू शिका,” असे आपल्याला बजावणारे साहेब पाठ वळवली की आपापसात यिद्दिशच बोलत. त्यामुळे ती भाषा म्हणजे मोठ्या लोकांची भाषा, अशी आपली समजूत झाली. त्याच भाषेला या देशात दरवाज्याबाहेर उभे केले होते, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होते? आम्हाला तरी पुरते माहीत नव्हते. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हा चित्रपट आपण पाहावा.

हा माहितीपट आहे. दिग्दर्शक आर्नोन गोल्डफिंगर आणि लेखिका ओश्रा श्वार्ट्झ. पुढे याच गोल्डफिंगरने आपल्या आजीच्या तेल अवीवमधल्या घरावर ‘द फ्लॅट’ हा चित्रपट काढला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. ‘द कोमेडियंट’ त्याच्या दहा-बारा वर्षे आधीचा. इस्रायली चित्रपट अकादमीचे उत्तम माहितीपटाचे पारितोषिक त्याला मिळाले आहे. विषय एका घराचा: बाप पेसाख बुर्स्टाईन, आई लिलियन लक्स, आणि जुळी भावंडे माईक आणि सुझन. चौघांनी मिळून जगभर यिद्दिश नाटके केली, गाणी म्हटली, लोकांना पोट धरून हसवले. जाहिरातीत त्यांना ‘चार बुर्स्टाईन’ म्हणत.

पेसाखचा जन्म १८९६ साली वॉर्सात झाला. घर धार्मिक. नाटकाचा नाद बापाला पटणारा नव्हता, म्हणून पोरगा मिसरूड फुटायच्या वयात घर सोडून फिरत्या नाटक मंडळीबरोबर निघून गेला. हे ऐकताना आपल्या लोकांना किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी आठवल्याशिवाय राहणार नाही. तिकडेही असेच होते. गाणे येते, चेहरा बरा आहे, आणि घरच्यांचा विरोध, की मुलगा कंपनीत गेलाच. यिद्दिश रंगभूमी आणि मराठी संगीत नाटक यांची वयेही जवळपास सारखी आहेत. अब्राहाम गोल्डफाडेनने रुमानियातल्या यासी गावात पहिली धंदेवाईक यिद्दिश मंडळी उभी केली ती १८७६ साली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले १८८० साली. आणि त्याच सुमारास मुंबईत आपले बेने इस्राएल बांधव हरदासी थाटात अब्राहाम, योसेफ यांच्या कथांची कीर्तने करू लागले होते. एकमेकांची गंधवार्ता नसताना तीन ठिकाणी लोक एकच गोष्ट करत होते: आपल्या रोजच्या बोलीत, पेटीच्या सुरावर, आपली गोष्ट आपल्याच माणसांना सांगणे. चित्रपटात हे अर्थात नाही. आम्हाला ते पाहताना सुचले.

१९२४ मध्ये पेसाख अमेरिकेला गेला आणि तिथे त्याचे नाव झाले. गाणे, नाच, विनोद, आणि शीळ. शीळ तर अशी की तिच्यासाठी लोक पुन्हा तिकीट काढत. कोलंबिया कंपनीने त्याच्या तबकड्या काढल्या. अमेरिकेत गाजलेले ‘सनी बॉय’ हे गाणे त्याने यिद्दिशमध्ये म्हटले आणि तेही खपले. लिलियन ब्रुकलिनमध्ये वाढलेली, त्याच्याहून बावीस वर्षांनी लहान. दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात दोघांनी लग्न केले. १९३९ च्या उन्हाळ्यात ती पोलंडात खेळ करत होती आणि युद्ध सुरू होण्याच्या थोडेच आधी बोटीने बाहेर पडली.

या ठिकाणी पडद्यावर जुनी छायाचित्रे येतात, आणि आपल्या पोटात कालवते. नटनटी वाचली. पण त्या उन्हाळ्यात त्यांच्यासमोर खुर्च्यांवर बसलेले, हसणारे, टाळ्या वाजवणारे लोक कुठे गेले ते आपल्याला माहीत आहे. कोणत्याही विनोदी नटावर असा प्रसंग येऊ नये. गिऱ्हाईक रुसले तर परत येते. इथे गिऱ्हाईकच मारून टाकले. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे पेसाख बुर्स्टाईनने जे केले ते उरलेल्यांना शोधत फिरण्याचे काम होते, असे आम्हाला वाटते. न्यूयॉर्क, ब्युनोस आयर्स, तेल अवीव. जिथे चार यिद्दिश बोलणारी डोकी असतील तिथे पेट्या उतरवायच्या.

युद्ध संपले त्या वर्षी, १९४५ मध्ये, न्यूयॉर्कला जुळी मुले झाली. सातेक वर्षांची झाल्यावर तीही रंगमंचावर आली. रंगमंचावर त्यांची नावे मोतेले आणि झिसेले. झिसेले म्हणजे ‘गोडुली’. १९५४ च्या सुमारास हे कुटुंब इस्रायलमध्ये आले.

आता ती दरवाज्याबाहेरची गोष्ट. १९४९ मध्ये इथल्या नाटकांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने स्थानिक नटांना यिद्दिशमध्ये नाटक करण्याची मनाई केली. बाहेरून आलेल्या पाहुण्या नटांना थोड्या दिवसांची सवलत. दोन वर्षांनी न्यायालयात ती मनाई टिकली नाही, पण हिब्रू नाटकाला नसलेला कर यिद्दिश नाटकाला द्यावा लागे. कारण उघड होते. देश नवा, भाषा नवी, आणि यिद्दिश जुनी असून जबरदस्त. तिला मोकळे सोडले तर हिब्रू कोण शिकणार? राज्यकर्त्यांची भीती अगदी निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पण विचार करा: ज्या राज्यकर्त्यांना त्यांच्या आयांनी यिद्दिशमध्ये अंगाई म्हटली, त्यांनीच आईच्या भाषेवर कर बसवला. मराठीवर कोणी कर बसवला नाही. कर बसवावा इतकी ती कोणाच्या डोळ्यांत भरलीच नाही!

चित्रपट या भागावर रेंगाळत नाही. येतो, दोन गोष्टी सांगतो, पुढे जातो. आमची पहिली तक्रार ही. आठवणींचा गोडवा चित्रपटात पुष्कळ आहे, तो सुंदरही आहे. पण ही कडू गोळी जरा जास्त वेळ जिभेवर ठेवायला हवी होती. आज त्याच भाषेसाठी गळा काढणारे पुष्कळ आहेत. तेव्हा ती का गळा दाबण्यालायक वाटली, हे त्या काळच्या एखाद्या जबाबदार माणसाच्या तोंडून ऐकायला आम्हाला आवडले असते.

१९६५ साली मात्र नवल घडले. इत्झिक मांगेर या कवीने एस्तेरच्या कथेवर यिद्दिश कविता लिहिल्या होत्या, त्यांचे संगीत नाटक याफोच्या ‘हमाम’ मध्ये लागले. दिग्दर्शक श्मुएल बुनिम, संगीत दोव सेल्त्सेर यांचे, मधले हिब्रू निवेदन हैम हेफेर यांचे. कामे करणारे बुर्स्टाईन. मांगेरने अहश्वेरोश राजाचा दरबार उचलून पूर्व युरोपातल्या शिंप्यांच्या आळीत आणला. त्यात फास्त्रिगोसो नावाचा एक शिंप्याचा उमेदवार आहे. एस्तेरवर त्याचे प्रेम, आणि एस्तेर तर राणी झाली! बिचारा राजाला मारायला निघतो. मेगिल्लात असे काही नाही, पण आपण हे का हसून मान्य करतो? कारण आपल्याही आजीने ही कथा सांगताना अशीच घालमेल केली होती. पुरिमला ती ‘होळीचा सण’ म्हणे, आणि तिचा हमान एखाद्या रागीट मामलेदारासारखा बोले. पवित्र शास्त्रातली माणसे आपल्या आळीत आणून बसवणे हे आपल्याला नवे नाही. आपली कीर्तने त्याच वाटेची.

‘मेगिल्ला’ शेकडो वेळा झाले. यिद्दिश न कळणारे तरुण ते पाहायला आले आणि परत आले. १९६८ मध्ये ते ब्रॉडवेवर गेले. कर भरून, डोके खाली घालून जगलेल्या भाषेला या देशाने असे उशिरा कडेवर घेतले. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, माईकने ‘दोन कुनी लेमेल’ या हिब्रू सिनेमात काम केले. दिग्दर्शक इस्रायल बेकर. गोष्ट गोल्डफाडेनच्याच जुन्या नाटकाची. लंगडा, तोतरा, एका डोळ्याने अधू असा नवरामुलगा, आणि त्याचे सोंग घेणारा दुसरा. दोन्ही भूमिका माईकच्याच. तो सिनेमा आपल्यातल्या कित्येकांनी त्या काळी थिएटरात जाऊन पाहिला. हिब्रू अर्धेमुर्धे कळत होते, तरी हसू आवरत नव्हते. मुलगा असा यिद्दिशच्या पुलावरून हिब्रूत उतरला आणि मोठा नट झाला. पुढे हॉलंडमध्ये आणि अमेरिकेतही त्याने नाव काढले.

इथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे, आणि चित्रपट इथेच थांबला असता तर तो एक बरा, गोड स्मरणसोहळा झाला असता. त्याचे मोल वाढते ते मुलीमुळे.

सुझन लहानपणी शब्दभ्रमाचा खेळ करी. म्हणजे मांडीवर बाहुली, आणि आवाज बाहुलीच्या तोंडून आल्यासारखा. मुंबईकरांना यशवंत पाध्यांचा अर्धवटराव आठवेल, आणि पुढे रामदास पाध्यांनी घराण्याचा तो खेळ कसा वाढवला तेही. पाध्यांच्या घरी मुलाने ती बाहुली आनंदाने मांडीवर घेतली. बुर्स्टाईनांच्या घरी मुलीने खाली ठेवली. सुझनला रंगमंच नको होता. तिला एक घर हवे होते, एक शाळा, त्याच त्याच मैत्रिणी. लग्न करून ती नाटकातून बाहेर पडली. ‘मेगिल्ला’ च्या वेळी चार बुर्स्टाईन राहिले नव्हते, तीनच होते.

चित्रपटात ती बोलते. आवाज चढवत नाही, आईबापांना शिव्या देत नाही. पण इतका वेळ आपण ज्या पेट्या, ज्या बोटी, ज्या टाळ्या पाहून खूश होत होतो, त्या सगळ्या तिच्या बोलण्यानंतर वेगळ्या दिसू लागतात. चार माणसांचा तोच फोटो. मघाशी आपण त्यात बापाचे हसू पाहिले. आता कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहतो. आमच्या मोआदोनमध्ये तोपर्यंत चाललेली कुजबुज आणि चहाच्या कपांचा आवाज तिथे बंद झाला.

आई लिलियन चित्रपटात पुष्कळ बोलते आणि फार छान बोलते. नटीच ती, वाक्य कुठे सोडायचे, पापणी कधी हलवायची, सगळे तिला ठाऊक. तिच्यावर राग धरणे कठीण आहे. नवरा बावीस वर्षांनी मोठा, त्याच्या नावावर घर चाललेले, दोन मुले, रोजचा खेळ, भाषेचे गिऱ्हाईक रोज एकेकाने कमी होत चाललेले. मुले रंगमंचावर आणली म्हणून नाव नवे राहिले आणि तिकिटे खपली, हे तिला माहीत आहे. तिच्या दृष्टीने मुलांना वेगळे ठेवले नाही, बरोबर ठेवले, हेच प्रेम होते. मुलीच्या दृष्टीने तसे नव्हते. दोघी वेगवेगळ्या बसून बोलतात आणि दिग्दर्शक निवाडा करत नाही. त्याने ते शहाणपण केले. माईक त्याच रंगमंचावर, त्याच वयात, तोच प्रवास करून म्हणतो की याहून चांगले बालपण नसेल. दोघेही खरे बोलत असतील. एका पोटची, एका दिवसाची दोन मुले!

ज्याच्यावर सगळे बोलतात तो पेसाख १९८६ मध्ये वारला, चित्रपट निघण्याच्या बऱ्याच आधी. मुलीला उत्तर द्यायला तो नाही. त्याने यिद्दिशमध्ये आत्मचरित्र लिहून ठेवले, १९८० मध्ये ते तेल अवीवला छापले गेले. त्याच्या नावाचा अर्थ साधारण ‘खेळून काढलेले आयुष्य’ असा होतो. नटाला खेळ आणि आयुष्य यांत फरक वाटला नाही, मुलीला वाटला.

वाचकहो, इथे आम्हाला आपल्याच घरचे एक चित्र आठवले, ते लिहिल्यावाचून राहवत नाही. आपले समाजाचे कार्यक्रम आठवा. मलिदा झाला, एलियाहू हन्नबीचे गाणे झाले, मग करमणूक. रंगमंचावर सात-आठ वर्षांची मुलगी, नऊवारी नेसवलेली, पिना टोचून टोचून बसवलेली. तिच्या हातात कागद, त्यावर मराठी गाणे हिब्रू अक्षरांत लिहिलेले. ती ते घडाघडा म्हणते. आपण टाळ्या वाजवतो, डोळे पुसतो, “बघा, आपली मराठी जिवंत आहे,” असे शेजाऱ्याला म्हणतो. मुलीला शब्द न् शब्द पाठ असतो आणि एकाचाही अर्थ ठाऊक नसतो. बाहुलीच्या तोंडून येणारा तो आवाज आपला असतो.

आम्ही हे दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. त्या टाळ्यांत आमच्याही टाळ्या आहेत, आणि त्या पिना आम्हीही टोचल्या आहेत. शिवाय दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. आपली मुलगी पाच मिनिटांनी लुगडे सोडून मैत्रिणींकडे पळते. सुझनला पळायला जागा नव्हती. यिद्दिश बोलणारे लाखोंनी मारले गेले. मराठी बोलणारे आज कोट्यवधी आहेत, फक्त ते आपल्या घरात नाहीत. आपली भाषा मरत नाही, आपल्या उंबऱ्यावरून निघून जाते आहे. दुःख आहे, पण ते दुःख वेगळे. यिद्दिशवाल्यांच्या शेजारी बसून त्यांच्याइतके मोठ्याने रडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरी प्रश्न उरतोच. ज्या मुलांना आपण आपल्या आठवणींसाठी उभे केले, त्यांना कोणी विचारले का? त्यांतली काही माईकसारखी असतील, आज ती स्वतः लेझीम शिकवतात आणि आजीची पुरणपोळी शिकून घेतात. काही सुझनसारखी असतील. ती आपल्या कार्यक्रमांना येत नाहीत, आणि आपण म्हणतो, “त्यांना आपल्या समाजाची ओढ नाही.” बुर्स्टाईनांच्या मुलीने नाटक सोडले, आईबापांवरची माया सोडली नव्हती, नाहीतर इतक्या वर्षांनी ती कॅमेऱ्यासमोर येऊन बसली नसती.

दुसरी तक्रार लहान आहे. जुने तुकडे फार छोटे छोटे आहेत. विनोदाची अर्धी गंमत वेळ साधण्यात असते, आणि तुकडा तुटला की वेळ तुटते. पेसाखची शीळ एखाद्या गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवली असती तर आमच्यासारख्या यिद्दिश न कळणाऱ्यांनाही कळले असते की माणूस काय होता. शीळ कोणत्याही भाषेत नसते.

तिसरी तक्रार अशी की चित्रपटात नटांची गर्दी आहे, प्रेक्षक मात्र नाही. दिवसभर शिलाईच्या यंत्रावर बसून संध्याकाळी बुर्स्टाईनांना पाहायला गेलेली एखादी बाई आम्हाला भेटायला हवी होती. ती कशाला हसली, घरी जाऊन काय गुणगुणली, तिच्या पोरांना तिने बरोबर नेले का, की एकटीच गेली? हसवणाऱ्यांचे चरित्र हसणाऱ्यांशिवाय अर्धेच राहते.

पाहायचा असेल त्यांच्यासाठी: चित्रपटाची लांबी दीड तासाच्या आतबाहेर आहे. बोलणे हिब्रू, इंग्रजी आणि यिद्दिश असे मिसळून आहे. खालची हिब्रू अक्षरे भराभर जातात आणि आपल्या चष्म्यांना ती पकडता येत नाहीत. म्हणून शेजारी एखादे नातवंड बसवावे. आमच्या पुढच्या रांगेत एका आजोबांनी नातीला तसे बसवले होते. मेगिल्लाच्या गाण्यांचे शब्द ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होती आणि ते मराठीत “हं, हं” म्हणत होते. सुझन बोलू लागली तेव्हा तिने वाचणे थांबवले. आजोबा म्हणाले, “वाच ना गं, काय म्हणते ती?” ती म्हणाली, “रेगा, सबा, मी ऐकते आहे.”